पीक्यू-१६ वाटण्याआधी
शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झालीस, छान. पण पीक्यू-१६, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराची (सायकोसिसची) सुरुवातीची चिन्हं टिपणारी १६ प्रश्नांची यादी, सगळ्या वर्गाला सरसकट वाटू नकोस. ती चाळणी आहे, निदान नव्हे. त्रास होतोय म्हणून आलेल्या मुलांसाठीच ती बरी. ६ किंवा जास्त 'हो' आले, तरी पुढची सविस्तर मुलाखत तज्ज्ञच घेणार. प्रत्येक 'हो'मागे खोदून विचार: आवाज कधी येतो, झोप लागताना का, गांजा ओढल्यावर का? घरात अंगात येणं नेहमीचं असेल, तर तेही समजून घे. मला आकड्यापेक्षा घसरण बोलकी वाटते: मित्र तुटले, अंघोळ टाळतोय, मार्क कोसळले. पालकांपुढे 'स्किझोफ्रेनिया' म्हणू नकोस. धोका दिसलेल्या बहुतेक मुलांना तो होतही नाही. जीव द्यायचे विचार येतात का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचार. रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेव.