"एकच होता, मॅडम"

"मी तसली मुलगी नाही, मॅडम. एकच मुलगा. मग मलाच कसं झालं?" कर्वे रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की एकदा लिहायलाच हवं.

ही सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला (ओळखीचे तपशील बदललेत). क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातून पसरणारा जिवाणूसंसर्ग, तोही दुसऱ्यांदा. रिपोर्टची इतकी बारीक घडी घातलेली, की उलगडताना कागद फाटला.

दोन भेटींत ती एकच आकडा सांगत राहिली. मी त्या आकड्याला हातच लावला नाही.

"कंडोम कधी सोडलात?"

"मी गोळी सुरू केल्यावर. मग कशाला लागतो?"

"कशासाठी वापरत होतात?"

ती बराच वेळ पंख्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "दिवस जाऊ नयेत म्हणून. मला तेवढीच भीती होती."

मी गप्प राहिले. त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला अजूनही वाटतं.

"त्याने औषध घेतलं?"

"त्याला काहीच होत नाही म्हणाला."

दुसऱ्यांदा का झालं, ते इथे कळलं. हा संसर्ग बहुतेकदा लक्षणं दाखवतच नाही, ना त्याला, ना तिला. औषध दोघांनी घ्यायचं, एका डोसचं असेल तर पुढे सात दिवस संबंध टाळायचा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

मी विवेकनिष्ठ विचाराची, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीची. 'मी वाईट' हा शिक्का पुसला, की माणूस सवयींकडे बघू शकतो. जोडीदार वाढले की धोका वाढतो, हे खरंच. पण त्याचे इतर संबंध, दारूच्या भरात राहून गेलेला कंडोम, योनी आतून धुण्याची सवय, हे कोण मोजतं? पुण्यातच १९९३ ते १९९६ मध्ये गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांची पाहणी झाली. १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा पुरुष एकच होता, नवरा.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. एचआयव्हीबद्दल विचारायला १०९७ ही हेल्पलाइन आहे.

चौथ्या भेटीला ती एकटीच आली. "त्याला लिहिलं, आधी तुझा रिपोर्ट दाखव. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही." मग फोनमध्ये तीन महिन्यांनंतरची तारीख टाकली आणि गजर लावला.