शंभर मीटरला शेवटी येते, म्हणजे खेळात गतीच नाही का?

मी समुपदेशक, शाळांच्या स्पर्धा संपल्या की पालकांचा हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. शंभर मीटरला मागे पडलं, आता ग्राउंडचं नाव काढत नाही, मॅडम खेळ बंद करून क्लास लावू का?

आठवीतली एक मुलगी (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) आईबरोबर आली. सगळं आईच बोलायला लागली म्हणून आईला बाहेर बसवलं.

"मी स्लो आहे."

"कशात?"

"सगळ्यातच."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने (म्हणजे मनातला विचार खरा आहे का ते तपासत) काम करते, असं सरसकट विधान तसंच सोडत नाही, पुरावा मागते. पुढच्या भेटींमध्येही तेच चालू होतं, आणि मग एकदा ती सहज बोलून गेली की पीटीला सर राउंड मारायला लावतात ना, तर चौथ्या राउंडला त्या फास्टवाल्या मुली चालायला लागतात आणि मी पळतच असते. बोलता बोलता थांबली, माझ्याकडे बघितलं. मी गप्प. अशा वेळी गप्प राहायला जमतं मला, आणि ते सोपं नाही बरं का!

"म्हणजे मी स्लो नाहीये... माझी रेसच ती नाहीये."

पालकांनो, शंभर मीटर म्हणजे अख्खं ॲथलेटिक्स नाही. तिथे स्टार्ट आणि स्फोटक वेग लागतो, 400 ला वेग टिकवावा लागतो, 800-1500 ला दम आणि डोकं दोन्ही. शिवाय उड्या आहेत, गोळा, थाळी, भाला आहे, तिथे उंची आणि ताकदीला वाव मिळतो. आपल्या बीडचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस पळतो, 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाण्यावरची उडी, आणि हा इव्हेंट त्याने धरला तो आर्मीत गेल्यावर. साताऱ्याची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची, मग स्टीपलचेसकडे वळली आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकची फायनल गाठली. नीरज चोप्राला तर घरच्यांनी वजन कमी व्हावं म्हणून ग्राउंडवर धाडलं होतं.

त्यामुळे या वयात एकाच इव्हेंटचा शिक्का नको, सगळं करून बघू दे. आणि घरी आल्यावर नंबर नका विचारू, मागच्यापेक्षा टायमिंग किती सुधारलं ते विचारा.

ती सध्या 800 ची प्रॅक्टिस करते, नंबर कधी येतो कधी नाही. आईचा फोन मात्र येतोच, "मॅडम, स्पाइक्सवाले शूज घेऊ का?" म्हटलं ते कोचना विचारा.