न्यूयॉर्कच्या सबवेत "ट्रेन ४ मिनिटांत" असं दाखवतात ते कितपत खरं असतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी शिकायला न्यूयॉर्कला आलीय, राहते क्वीन्समधे, कॉलेज मॅनहॅटनला, आणि ॲपवरची मिनिटं बघून घरातून निघावं का असं ती विचारतेय. मी इथे ११ वर्षं रोज सबवेनेच जातोय. भरवसा ठेवा, पण आधी तिचं स्टेशन लाइनवर कुठे आहे ते बघा.

कारण ती मिनिटं दोन प्रकारची असतात. एक म्हणजे ट्रेन खरंच रुळावर आहे आणि कुठपर्यंत आली ते सिस्टिमला कळतंय. दुसरं म्हणजे ट्रेन अजून पहिल्या स्टेशनवरून सुटलेलीच नाही, टाइमटेबलप्रमाणे सुटेल असं धरून आकडा दाखवलाय. सुरुवातीला मी एका लाइनच्या टोकापासून तिसऱ्या स्टेशनजवळ राहायचो, ६ मिनिटं बघून बर्फातून पळत जायचो आणि वर पोचल्यावर ६चे ५, ५चे परत ७, आणि मग ती ट्रेन यादीतून गायबच, जानेवारीत उघड्या प्लॅटफॉर्मवर असं झालं की अक्षरशः रडू यायचं. नंतर लाइनच्या मधल्या भागात घर घेतलं तर तेच ॲप मिनिटाला मिनिट बरोबर!

त्यामुळे तिला एक साधा हिशोब शिकवा. समजा ती ७ नंबरच्या लाइनवर फ्लशिंग मेन स्ट्रीट या टोकाच्या स्टेशनच्या पुढच्याच स्टेशनवर मॅनहॅटनकडे जायला उभी आहे आणि ट्रेन ९ मिनिटांवर दाखवतेय, तर ती गाडी अजून मेन स्ट्रीटवरून सुटलेलीच नाही, सुटेल तेव्हा खरी. तेच लाइनच्या मधल्या जॅक्सन हाइट्सला ४ मिनिटं दाखवत असेल तर ती गाडी वाटेत आहे, निघा बिनधास्त.

लाइनलाइनमधेही फरक आहे. ७ आणि एल वर नवीन सिग्नल आहेत, गाडी स्वतः सतत आपली जागा कळवत राहते. १ ते ६ नंबरच्या लाइन्सची लाइव्ह माहिती २०१२च्या डिसेंबरपासून सगळ्यांना खुली आहे. एल सोडून ए, सी अशा अक्षरांच्या लाइन्सचं मात्र अवघड होतं, जुन्या सिग्नलला रुळाच्या तुकड्यावर गाडी आहे एवढंच कळतं, कोणती ते नाही! म्हणून पहिल्या आणि शेवटच्या डब्यात ब्लूटूथचं यंत्र बसवलं, प्लॅटफॉर्मच्या टोकांना ते पकडणारे रिसीव्हर लावले आणि २०१७ संपता संपता त्या स्टेशनांवरही गाडी किती मिनिटांत येईल ते दाखवणारी घड्याळं आली. पण अशा पद्धतीत गाडी दोन स्टेशनांच्या मधे असताना नक्की कुठे आहे ते कळत नाही, अंदाजच असतो, त्यामुळे बोगद्यात थांबली तर "२ मिनिटं" बराच वेळ तसंच राहतं. मला विचाराल तर एवढ्या जुन्या रुळांवर हे इतक्या स्वस्तात जमवलं हे फार मोठं काम आहे.

आणि ॲप बदलून विशेष फरक पडत नाही, बहुतेक सगळी तीच माहिती उचलतात. शनिवार-रविवारी मात्र रुळांचं काम असतं, गाड्या दुसऱ्याच मार्गाने वळवतात, तेव्हा मिनिटांआधी सूचना वाचायला सांगा.

रात्री १२ नंतर तर हे सगळं जास्तच कामाला येतं कारण बऱ्याच लाइन्सवर २० मिनिटांनी एक गाडी असते. तेव्हा तिने ॲप बघूनच खाली उतरावं, आणि थांबायचंच झालं तर प्लॅटफॉर्मवर "ऑफ अवर्स वेटिंग एरिया" अशी पिवळी पाटी असते तिथे थांबावं.