एकूण ६० गुण, तरी निकालावर ‘नापास’: इंटर्नलच्या न झालेल्या चाचणीसाठी दाद कुठे मागायची?

प्रश्न: मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाचव्या सत्रात एका विषयात लेखी परीक्षेत ६० पैकी ४६ गुण मिळाले, पण अंतर्गत मूल्यमापनात ४० पैकी १४च. एकूण ६० होऊनही मी नापास आहे. इंटर्नलची २० गुणांची चाचणी झाली तेव्हा मी डेंग्यूमुळे रुग्णालयात होते. बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. ‘बरी झालीस की घेऊ’ असं त्यांचं उत्तर आलं. नंतर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ऑफिसात अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. चाचणी घेतलीच नाही आणि शून्य लावलं. रिव्हॅल्युएशनचा अर्ज करू की ग्राहक मंचात जाऊ? तक्रार केली तर पुढच्या सत्रात त्रास होईल का?

उत्तर: सगळ्यात आधी केटीचा, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा देण्याचा, परीक्षा अर्ज मुदतीत भरा. तक्रारीचा निकाल कधी लागेल ते तुमच्या हातात नाही. अर्जाची शेवटची तारीख मात्र ठरलेली आहे आणि ती गेली तर वर्ष जाईल. अर्ज भरला म्हणजे निकाल मान्य केला, असं कोणी पुढे म्हणू नये म्हणून त्याच दिवशी प्राचार्य आणि परीक्षा विभाग या दोघांना ईमेल करा: ‘इंटर्नलच्या गुणांबाबतची माझी तक्रार कायम ठेवून, माझे हक्क राखून हा अर्ज भरत आहे.’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

आता कायद्याचं. ‘एकूण ६० मिळाले, मग नापास कशी?’ हा मुद्दा तुम्हाला पटतो तसा कोणालाही पटेल, पण तो टिकणार नाही. लेखी आणि अंतर्गत या दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण होण्याची अट विद्यापीठ घालू शकतं. तुमच्याकडे ती ४० टक्क्यांची असेल तर ४० पैकी १६ हवेत आणि तुम्हाला २ कमी पडले. ही अट खरोखर आहे का, हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नोटीस बोर्ड किंवा सीनियरचं सांगणं धरू नका. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षाच्या तुकडीला लागू असलेली परीक्षा योजना आणि त्यामागचा अध्यादेश किंवा परिपत्रक मिळवा. अभ्यासक्रम बदलला की नियमही बदलतात आणि ऑफिसात कधी कधी भलत्याच तुकडीचा नियम लावला जातो. लेखी नियमात वेगळ्या पासिंगची अट नसेलच, तर तुमचा निकालच चुकीचा आहे आणि पुढची निम्मी लढाई लढावी लागणार नाही.

नियम हातात आला की ग्रेस गुणांची तरतूदही वाचा. ते गुण अंतर्गत मूल्यमापनाला लागू होतात की फक्त लेखीला, आणि किती विषयांसाठी, हे तिथे लिहिलेलं असतं. २ गुणांचा प्रश्न आहे, म्हणून तो कागद सोडू नका.

रिव्हॅल्युएशनवर पैसे घालवू नका. ते लेखी उत्तरपत्रिकेचं असतं आणि तिथे तुम्ही पास आहात. गुणांच्या बाबतीत न्यायालयंही फार जपून पाऊल टाकतात. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्राच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक मंडळाच्याच प्रकरणात सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात तीच भूमिका कायम राहिली: नियम नसेल तर ठळक, तर्क लढवावा न लागता दिसणारी चूक असल्याखेरीज हात घालायचा नाही.

तुमची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्या ठिकाणी. तुम्हाला कमी गुण दिले, ही तुमची तक्रारच नाही. तुमचं मूल्यमापन झालंच नाही आणि न झालेल्या मूल्यमापनाला शून्य लावलं, ही तक्रार आहे. हा फरक तुमच्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत दिसला पाहिजे, कारण पहिली तक्रार शिक्षकांच्या निर्णयावर येते आणि दुसरी कॉलेजच्या कार्यपद्धतीवर. आजारपणासारख्या सबळ कारणाने चाचणी चुकली तर पुन्हा संधी देण्याची सोय बऱ्याच परीक्षा योजनांमध्ये असते. तुमच्या योजनेत असेल तर ती देणं कॉलेजचं कर्तव्य होतं. योजना याबाबत गप्प असेल, तर बाईंनी दिलेलं आश्वासन आणि त्यावर विसंबून तुम्ही थांबलात ही वस्तुस्थिती मांडावी लागेल. तेव्हा बाजू थोडी हलकी होते, पण मांडण्यासारखी राहते. गुणपत्रकात त्या चाचणीपुढे ‘गैरहजर’ लिहिलंय की ‘शून्य’, हेही शोधा. न बसलेल्या मुलीला बसून शून्य मिळाल्याची नोंद असेल तर ती नोंदच चुकीची आहे.

पोच घेतली नाही म्हणून हातपाय गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं ते संभाषण पुसू नका, फोन बदलू नका, आणि नंबर व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड साध्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त वजनदार, कारण त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची अशा दोन्ही तारखा असतात. मग जुन्या अर्जाचा उल्लेख करून नवा अर्ज लिहा आणि या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

हा अर्ज द्यायचा तो कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही समिती असणं बंधनकारक आहे आणि अपारदर्शक किंवा अन्याय्य मूल्यमापन हा तक्रारीचा विषय म्हणून त्यात स्पष्ट नमूद आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. इथे जपा. केवळ गुण वाढवून मागणारा अर्ज लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणूनच वरचा फरक मी इतका लावून धरला. मागणीही नेमकी ठेवा: चाचणी घ्यावी, तिचे गुण धरून निकाल दुरुस्त करावा. ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर समिती काय आदेश देणार?

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अंतर्गत गुणांची विषयवार फोड, चाचणीची नोटीस, हजेरीपट आणि तुमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या प्रती मागा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात मान्य केला आहे, पण तो कागद जपून ठेवण्याची मुदत असेपर्यंतच. इंटर्नलचे कागद फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून घाई करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. कॉलेज विनाअनुदानित असेल आणि टाळाटाळ करत असेल, तर अर्ज विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या.

ग्राहक मंचाचा, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचा विचार सोडून द्या. परीक्षा घेणारं मंडळ ‘सेवा’ देत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं आणि २०१० मध्ये एका विद्यापीठाच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं. तिथे महिने जातील आणि हाती काही येणार नाही. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचा मार्ग आहे, पण समिती आणि लोकपाल हे पर्याय वापरल्याशिवाय गेलात तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. पदव्युत्तर प्रवेशाची तारीख अगदी तोंडावर आली आणि समिती बसतच नसेल, तर मात्र थांबू नका. कागद घेऊन वकिलांना भेटा.

त्रास होण्याची भीती तुम्ही लिहिलीत, ती मी हलक्याने घेत नाही. सहाव्या सत्राचं इंटर्नल त्याच विभागाच्या हातात आहे. म्हणून अर्जात बाईंच्या हेतूबद्दल एक शब्दही लिहू नका. काय घडलं ते तारखांसह लिहा आणि थांबा. तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारावरही कारवाईची शिफारस होऊ शकते, त्यामुळे सिद्ध करता येणार नाही ते कागदावर नको. चाचणी दुसऱ्या शिक्षकांनी तपासावी, ही विनंती त्याच अर्जात करा. यापुढचं प्रत्येक असाइनमेंट ईमेलनेही पाठवा. लेखी तक्रार दप्तरी असताना गुणांत अचानक घसरण झाली, तर तिचं कारण कॉलेजला द्यावं लागेल आणि तेव्हा तुमच्याकडे कागद असतील.