मैत्रीण सौंदर्यप्रसाधनांच्या नेटवर्क मार्केटिंगमध्ये बोलावते आहे, जावं का?

ओळखीच्यांना माल विकायचा आणि आपल्या खाली नवे विक्रेते जोडून त्यांच्या विक्रीवरही कमिशन मिळवायचं, हे काम मी दोन वर्षं केलंय, म्हणून कळकळीने सांगते: नीट हिशेब मांडल्याशिवाय जाऊ नका.

माल वाईट नव्हता. काजळ तर मला खरंच आवडायचं. पण तशाच प्रतीचं काजळ दुकानात बऱ्याच कमी किमतीत मिळायचं, त्यामुळे ओळखीच्या बायका एकदा भिडेखातर घ्यायच्या आणि पुढे थांबायच्या. कमिशनसाठी दर महिन्याला विक्रीचे ठरावीक पॉइंट लागत. महिनाअखेरीस ते कमी पडले की मीच क्रीम आणि लिपस्टिक विकत घेऊन आकडा पुरा करायचे. कपाटात मुदत संपत आलेल्या डब्यांची रांग लागली. मला यात आणणाऱ्या वरच्या ताईंचा आग्रह एकच, ‘खाली माणसं जोड.’ हळदीकुंकवालाही मी कॅटलॉग घेऊन जायला लागले, तेव्हा सख्खी मावशीसुद्धा फोन टाळू लागली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तुम्हाला कुणी सभासद व्हायला विचारलंच, तर एक लक्षात ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या (नेटवर्क मार्केटिंगही त्यातच येतं) नियमांनुसार कंपनीला प्रवेश शुल्क घेता येत नाही आणि ठरावीक मुदतीत करारातून बाहेर पडायची सोय द्यावी लागते. पैसे फक्त माणसं जोडण्याचेच मिळत असतील तर ती पिरॅमिड योजना, आणि तिच्यावर बंदी आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नुसतं वापरायला एखादं क्रीम आवडलं तर जरूर घ्या, सभासद मात्र होऊ नका.