ॲनिमेचे (म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका-सिनेमांचे) साउंडट्रॅक खरंच भारी असतात की फॅन लोक उगाच हवा करतात? आणि यूट्यूबवर त्यावर बोलणाऱ्यांचं कितपत मनावर घ्यायचं?

तुम्ही दोन प्रश्न एकात कोंबलेत. पहिल्याचं उत्तर, हो, बऱ्याचदा भारी असतात. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण मी स्वतः असल्या एका चॅनलचं ऑडिओ एडिटिंग करायचो आणि भांडून बाहेर पडलोय. निःपक्षपाती मत पाहिजे असेल तर दुसऱ्या कुणाचं उत्तर वाचा.

आधी ते संगीत बनतं कसं ते बघू, कारण व्हिडिओवाले हमखास इथेच माती खातात. 'सवानोने हा सीन बघितला आणि त्याच्या आत्म्यातून हे म्युझिक आलं' असली वाक्यं तुम्ही ऐकली असतील (सवानो म्हणजे 'अटॅक ऑन टायटन' मालिकेचा संगीतकार). टीव्हीच्या ॲनिमेत सहसा असं काही नसतं. एपिसोड तयार व्हायच्या आधीच साउंड डायरेक्टर कंपोजरला एक यादी देतो, त्याला तिकडे मेन्यूच म्हणतात. त्यात नंबर टाकून लिहिलेलं असतं की असा मूड, एवढी लांबी, लढाईसाठी दोन, उदास तीन, रोजच्या घरगुती सीनसाठी अमुक. कंपोजर त्यावरून तुकडे बनवतो, ते एकदम रेकॉर्ड होतात आणि नंतर प्रत्येक एपिसोडला साउंड डायरेक्टर त्या साठ्यातून उचलून ठरवतो की कुठला तुकडा कुठे लावायचा, कुठल्या मात्रेवर सुरू करायचा आणि कुठे तोडायचा. सिनेमांचं वेगळं असतं, तिथे सहसा चित्र समोर ठेवून संगीत होतं, शिवाय मालिकांमध्येही एखाद्या मोठ्या सीनसाठी खास तुकडा करून घेतात. पण नेहमीची पद्धत ही.

म्हणजे तुमच्या अंगावर जो काटा येतो त्याचं निम्मं श्रेय अशा माणसाला जातं ज्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. अटॅक ऑन टायटनचा साउंड डायरेक्टर मासाफुमी मिमा. पोकेमॉन आणि फुलमेटल अल्केमिस्टचाही तोच. सवानोचं नाव टी-शर्टवर छापून विकतील, मिमा म्हटलं की आपले फॅन विचारतील हा कुठला कॅरेक्टर.

मला हे एवढं झोंबतं कारण मी नाटकाच्या बाजूने आलोय. कॉलेजात एकांकिकांना पार्श्वसंगीत वाजवायचो, अजूनही प्रायोगिकवाले कुणी बोलावलं तर लॅपटॉप घेऊन जातो. लाइटवाल्याच्या शेजारी अंधारात बसायचं आणि क्यू द्यायचे. तालमीत प्रत्येक नवीन दिग्दर्शक हेच म्हणतो, 'इथे काहीतरी सॅड लाव ना.' मग मी लावतो, नटाचं वाक्य बुडतं आणि तिसऱ्या तालमीला तोच म्हणतो की इथे नको, काढ. ज्याच्याकडून मी हे काम शिकलो तो सीनियर म्हणायचा की वाक्य पडल्यावर घाई करू नकोस, प्रेक्षकाला एक श्वास घेऊ दे, मग फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, वर ने. आता टायटनच्या दुसऱ्या सीझनचा सहावा एपिसोड बघा, २०१७ चा. तो जो सगळ्यात मोठा खुलासा आहे तो पात्र येताजाता बोलावं तसं बोलून जातं. ढोल नाही, कोरस नाही. बघणारा 'थांब, हा आत्ता काय म्हणाला?' करत असतो, आणि ते प्रसिद्ध गाणं नंतर चढतं. पहिल्याच वाक्याला कोरस फुटला असता तर सीन गेला होता. निर्णय तो आहे! सूर कंपोजरचे आहेत आणि ते उत्तमच आहेत, पण सूर कधी येतात हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलंय.

तर हा मुद्दा मी आमच्या चॅनलवाल्या मित्राला सांगितला. नाव सांगत नाही, चॅनलचंही नाही, हिंदीत चालतो आणि बऱ्यापैकी चालतो. हॉस्टेलपासूनचा मित्र, चांगला बोलतो, कॅमेऱ्यासमोर हातवारे वगैरे छान करतो. 'ॲनिमेचे सर्वात भारी साउंडट्रॅक' असा व्हिडिओ करायचा होता. मी म्हटलं यात एक भाग साउंड डायरेक्टरवर करू, मेन्यू सांगू, लोकांना नवीन कळेल. स्क्रिप्ट मीच लिहून दिली. त्याने वाचली आणि म्हणाला, 'भावा, हे कोण ऐकणारे? लोकांना गूजबम्प्स पाहिजेत.' गेला तो भाग.

पुढे अजून मजा. संगीतावर व्हिडिओ, पण संगीत वाजवता येत नाही! वाजवलं की कॉपीराइट क्लेम येतो आणि त्या व्हिडिओचे पैसे गेले. मग हे लोक काय करतात, मागे फुकटातलं लो-फाय, म्हणजे संथ, मंद ठेक्याचं संगीत लावतात आणि त्यावर बोलतात की 'हा ट्रॅक तुमच्या आत्म्याला हात घालतो'. कुठला ट्रॅक? जो वाजत नाहीये तो. म्हणून या व्हिडिओंमध्ये विशेषणंच विशेषणं असतात, वाद्याचं नाव नाही, ठेका कुठे बदलतो ते नाही, काही नाही. आणि वाजवायचंच झालं तर पिच बदलून वाजवतात म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेला चटकन पकडता येऊ नये. मी स्वतः त्याच्यासाठी तुकडे अर्धा स्वर वर सरकवून, वेग किंचित वाढवून दिलेत. बायकांचा कोरस पिपाणीसारखा वाजत होता, आणि खाली कॉमेंट, 'ओरिजिनल सुनके रोना आ गया.' ओरिजिनल!

तरी मी गप्प होतो. भांडण झालं ते इव्हँजेलियनवरून. १९९५ ची मालिका, त्यातल्या बाविसाव्या एपिसोडमध्ये लिफ्टचा सीन आहे. आसुका आणि रेई, दोघी लिफ्टमध्ये, आसुका पुढे, रेई मागे, आणि जवळजवळ मिनिटभर चित्र स्थिर. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही, संगीत शून्य. फक्त लिफ्ट चालल्याचा आवाज. दोघी एकमेकींना किती सहन करू शकत नाहीत हे त्या एका मिनिटात कळतं, तुम्हाला खुर्चीत अवघडायला होतं. बजेट नव्हतं म्हणून केलं का मुद्दाम केलं यावर फॅन लोक अजून डोकी फोडतात, मला त्याच्याशी घेणं नाही, पडद्यावर जे आहे ते चोख आहे.

आमच्या साहेबांनी त्या सीनचं रील बनवलं आणि त्याखाली पियानो लावला. सॅड पियानो! मला न विचारता, एडिट त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं होतं. मी फोन केला तर म्हणतो की सायलेन्स असला की लोक स्क्रोल करून पुढे जातात, आकडे पडतात, तुला रील कळत नाही. संध्याकाळी टपरीवर भेटलो, तिथे पण तेच, मी त्याला सांगतोय की अरे त्या सीनचा साउंडट्रॅकच लिफ्टचा आवाज आहे, तू तो पुसलास, आणि हा मला मोबाईलवर ग्राफ दाखवतोय, लाईन कुठे खाली जाते, कुठे वर राहते, चहा गार झाला, बाजूचे लोक बघायला लागले. रीलच्या खाली सगळ्यात जास्त लाईक असलेली कॉमेंट काय होती माहितीये? 'इस सीन का बीजीएम कोई बताओ.' बीजीएम म्हणजे पार्श्वसंगीत. आणि त्याने खाली लिंक दिली. त्यानंतर मी त्याचं काम सोडलं. लग्नाला गेलो होतो त्याच्या, तसं काही वैर नाही, पण विषय निघाला की अजून वाजतं आमचं.

आता कुणी म्हणेल की एवढं काय त्यात, एका रीलने काय होतं. होतं. अमेरिकेत तर हे उद्योग कंपन्यांनीच केलेत. ड्रॅगन बॉल झीच्या इंग्रजी डबमध्ये शुन्सुके किकुचींचं मूळ संगीत काढून ब्रूस फॉल्कनर यांचं नवीन घातलं, गिटार, सिंथ, आणि जवळपास अखंड चालू. कार्टून नेटवर्कवर आम्ही शाळेतून येऊन जे बघायचो ते हेच. आमच्या पिढीला तेच खरं वाटतं आणि मूळ ऐकवलं की म्हणतात हे काय जुनाट ब्रास बँड. किकुची म्हणजे १९७९ च्या डोरेमॉनचे संगीतकार, त्या माणसाला कुठे थांबायचं ते कळायचं. मूळ आवृत्तीत दोन जण समोरासमोर उभे असतात आणि नुसता वारा असतो, डबमध्ये तिथेही सिंथ वाजतोय. नॉस्टॅल्जिया असेल तर जरूर ऐका, व्यायामशाळेत तर उत्तमच, पण 'फॉल्कनरचंच चांगलं' हे मत ज्याने मूळ कधी पाहिलंच नाही त्याने देऊ नये. आमच्या मित्राचं हेच मत आहे हे वेगळं सांगायला नको.

जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या लापुताचंही तेच. सिनेमा १९८६ चा, त्यात लांब लांब पट्टे संगीताशिवाय आहेत. पुढे डिस्नेच्या इंग्रजी डबसाठी संगीत वाढवलं, आणि ते जो हिसाइशी यांनीच, म्हणजे मूळ संगीतकारानेच नव्याने करून दिलं. वाद्यवृंद मोठा, ऐकायला सुंदर. पण सिनेमात बघताना मला जुनंच बरं वाटतं. गंमत म्हणजे इथे दोन्ही बाजूंना एकच माणूस आहे, त्यामुळे 'कंपोजर महान की नाही' हा वादच उरत नाही. फरक फक्त किती आणि कुठे याचा.

आणि परक्या मालावर आपलं संगीत चढवलं की वाईटच होतं असंही मी म्हणत नाही. दूरदर्शनवरचा मोगली, तो मूळ जपानी ॲनिमे हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं, त्याला आपल्याकडे गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी टायटल गाणं दिलं आणि ते मूळ गाण्यापेक्षा माझ्या तरी जास्त जवळचं आहे. पण ते गाणं सुरुवातीला वाजतं आणि बाजूला होतं, सीनच्या छातीवर बसत नाही.

हां, तुमचा पहिला प्रश्न राहिला. भारी का असतात? एक कारण पैशाचं आहे. ॲनिमेत पैसे घालणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा रेकॉर्ड कंपनीच असते, ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या गाण्याची, ती दीड मिनिटं म्हणजे त्यांच्या गायकाची जाहिरात, मग ते चांगल्यातलं चांगलं देणारच. दुसरं म्हणजे संगीत आधी आणि चित्र नंतर असं असल्यामुळे कंपोजर मोकळा सुटतो. काउबॉय बीबॉप या मालिकेच्या वेळी संगीतकार योको कान्नो मागितलेलं नसलेलं संगीतही करून आणायच्या आणि दिग्दर्शक वातानाबे त्यावरून सीन सुचवून घ्यायचा. अकिराचं संगीत १९८८ मध्ये गेइनो यामाशिरोगुमी या मंडळाने केलं, इंडोनेशियाची गॅमेलान वाद्यं आणि जपानी नोह नाटकातला घोष एकत्र, तेही सिनेमा असूनही चित्राआधी. समोर चित्र ठेवून कुणी असलं धाडस केलं असतं असं मला वाटत नाही.

पण सगळंच भारी असतं हे थोतांड आहे. सीझनला इतक्या मालिका येतात, त्यातल्या ढिगभर मालिकांचं पार्श्वसंगीत मॉलच्या लिफ्टमध्ये वाजेल असं असतं. फॅन लोक ओपनिंग गाणं ऐकून 'साउंडट्रॅक टॉप' म्हणतात. ओपनिंग वेगळं, पार्श्वसंगीत वेगळं, दोन्हीचे करणारे सहसा वेगळे. एवढा फरक ज्या व्हिडिओत केलेला नाही तो पहिल्या मिनिटाला बंद करा. ज्यात साउंड डायरेक्टरचं नाव घेतलंय तो पूर्ण बघा, मग बोलणारा कितीही रटाळ असो. स्वतः तपासायचं असेल तर आवडता सीन एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून ऐका. संगीत नक्की कुठल्या क्षणी आलं आणि कुठे गेलं ते लिहून ठेवा. कॉमेंटरीवाल्याने तेच सांगितलंय का बघा. बहुतेक वेळा त्याने त्याच्या एक्स गर्लफ्रेंडची गोष्ट सांगितलेली असेल.

दोन गोष्टी राहिल्या. हिंदी डबमुळे संगीत बिघडतं म्हणतात ते सरसकट खरं नाही, डब करणाऱ्यांना सहसा संगीत आणि इफेक्टचा ट्रॅक वेगळा मिळतो आणि तो तसाच राहतो, फक्त संवाद बदलतात, आवाजाची पातळी मात्र कधीकधी गंडते. आणि मी वर जेवढं सायलेन्सचं कौतुक केलंय तेवढं डेमन स्लेयर या मालिकेला लागू नाही, एकोणिसाव्या एपिसोडचा शेवट गाण्यावरच उभा आहे, गो शिइना यांचं आहे ते, आणि तिथे मीही रडलोय. मित्राला सांगू नका.