विमानाची घरघर ऐकत जेवायचं?

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला चित्रकला शिकते. कॉलेजच्या प्रदर्शनात तिला इटलीतल्या ‘फ्यूचरिस्ट’ कलावंतांसारखी पंगत मांडायचीय. काटे-सुऱ्या बंद, पाहुण्यांच्या मानेवर अत्तर! असं खरंच कुणी जेवलं होतं का?
– एक वाचक, औसा

उत्तर : जेवले होते, ताई. त्यासाठी रीतसर हॉटेल काढलं होतं. यंत्र नि वेगाचं वेड असलेल्या या फ्यूचरिस्ट मंडळींचा कवी मारिनेत्ती हा म्होरक्या. त्यानं २८ डिसेंबर १९३० रोजी तुरिनच्या दैनिकात स्वयंपाकाचा जाहीरनामा छापला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच शहरात ‘सांतोपालातो’ हे हॉटेल सुरू झालं. तुमची लेक म्हणते तो प्रकार चित्रकार फिलियाचा. उजव्या हातानं काळे ऑलिव्ह, बडीशेपेचा कंद, छोटी संत्री खायची. डावा हात सँडपेपर, रेशीम आणि मखमलीवरून फिरवत राहायचा. वाढपी मानेवर कार्नेशन फुलांचं अत्तर फवारणार, स्वयंपाकघरातून विमानाच्या इंजिनाची घरघर, वर जर्मन संगीतकार बाखचं संगीत.

हातानं खाण्याचं नवल त्यांना. आपण काला मोडताना भाकरी किती कडक, कालवण किती ऊन हे बोटांनाच आधी कळतं. पण स्पर्श, वास, आवाज मुद्दाम जुळवून पान वाढायचं, ही कल्पना मला मनापासून आवडते.

खरा राग मात्र पास्त्यावर होता. म्हणे त्यानं माणूस सुस्त नि निराश होतो, भात खा! मारिनेत्ती हुकूमशहा मुसोलिनीच्या गोटातला. पास्ता गव्हाचा; परदेशी गहू नको म्हणून मुसोलिनीच्या सरकारनं १९२५ पासूनच मोहीम उघडली होती आणि तांदूळ उत्तर इटलीत पिकायचा. म्हणजे कलेच्या आडून सरकारचीच री. इटलीतल्याच लाक्विला शहरातल्या बायकांनी पास्त्याच्या बाजूनं सह्यांचं पत्र धाडलं, ते बरं केलं. ज्वारी खाणारा आळशी असं उद्या कुणी छापलं तर औशात त्याची वरातच निघेल!

तेव्हा लेकीला सांगा, फिलिया घे, पास्त्याचं भांडण सोड. पानात येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची भज्जी, उंडे, वाटीत आंबील. डाव्या हाताखाली गोणपाट, कडब्याचं पान आणि आजीच्या जुन्या इरकलीचा तुकडा. विमानाऐवजी उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज टेप करून लावा. अत्तर मारण्याआधी मात्र पाहुण्याला विचारा. शिंका सुरू झाल्या तर भज्जीची चव कुठली कळायची!